भात, पाळी आणि झोप

भिलाईतली आमची कॅम्प-१ची वस्ती पोलाद कारखाना उभारणाऱ्या मजुरांची. ४ फेब्रुवारी १९५९ला कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तिथे घाम गाळणाऱ्यांना ताटभर भात सहज जिरायचा. आता ताट तेवढंच आहे, काम मात्र खुर्चीवरचं. पोट सुटलं की सगळे भातालाच दोष देतात, ते मला पटत नाही.

भात ठेवलाय, फक्त क्रम बदललाय. आधी लाल भाजी, मग घट्ट वरण, शेवटी एक वाटी भात. रात्री नागपूरकडची सवय, ज्वारीची भाकरी. उन्हाळ्यात बासी हवीच: रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, वर दही, कच्चा कांदा, मिरची. २०२२ला छत्तीसगड सरकारने १ मेला बोरे-बासी खायचं आवाहन केलं, तेव्हा फार बरं वाटलं. तरी तोही भातच, वाटी तीच.

खरी कठीण आहे ती माझ्या नवऱ्याची, यांची रात्रपाळी. झोप तुटली की भूक वाढते, आणि जीव गोडाकडे, तळलेल्याकडेच धावतो. म्हणून डब्यात समोशाऐवजी भाजलेले चणे, उकडलेली अंडी. सकाळी हे आले की जाड पडदा ओढते, फोन बंद करते. दुपारपर्यंत कुणी बेल वाजवली तर मी खरंच रागावते. पथ्याइतकंच महत्त्व मी या झोपेला देते.

वजनकाट्यापेक्षा टेपवर माझा विश्वास जास्त. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८०च्या. म्हणून पॉवर हाउस भागातल्या बाजाराला मी चालतच जाते. उद्या मुनग्याची, म्हणजे शेवग्याची भाजी मिळाली तर आणेन.