एका फुटाला साडेतीन मिलिमीटर

भोर घाटातला दगड काळा धरून रंगवायला घेतला की मॉडेल तिथंच मेलं. पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्यानंतर खिडकीशी बसा आणि बोगद्यांची तोंडं, कडेच्या भिंती नीट पाहा. एकाच भिंतीत राखाडी, तपकिरी, निळसर, तांबूस दगड शेजारी शेजारी बसलेले असतात आणि त्यावरून चुन्याचे मळकट पांढरे ओघळ उतरलेले असतात. काळा रंग असतो तो सांध्यांच्या आत, कमानीच्या पोटात आणि शेवाळ वाळून गेलेल्या जागी. मी माझ्या घरच्या छोट्या रेल्वेसाठी घाटातलं एक बोगद्याचं तोंड, त्याला लागून एक धारक भिंत आणि तीन कमानींचा पूल बांधतो आहे. या कामातला माझा बराचसा वेळ हा दगड पाहण्यात गेला, हातात ब्रश धरण्यात त्यामानाने कमी.

घाटच का, असं घरी येणारे विचारतात. माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे रेल्वेचं फार मोठं दगडकाम इथं झालं. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती सपाट जमिनीवर. खरी परीक्षा सह्याद्री चढण्याची होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली याने आखलेला हा चढ १८६३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार काम हाती घ्यायला इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. पुढे त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिस ट्रेडवेलनं, ते कंत्राट स्वतःकडे ठेवलं आणि व्यवस्थापक नेमून काम चालवलं. डोंगर फोडणारी, दगड घडवणारी, पाट्या वाहणारी हजारो माणसं मात्र इथलीच. त्यातली कितीतरी कॉलऱ्यानं आणि तापानं गेली. त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. मी तो दगड छोट्या मापात पुन्हा घडवतो तेव्हा तो नीट घडवावा, यामागे हेही एक कारण आहे.

माझी रेल्वे एचओ मापाची आहे, म्हणजे खऱ्याच्या ८७ व्या हिश्शाची. पुण्यात कोथरूडच्या जोशी संग्रहालयात छोट्या रेल्वे धावताना पाहिल्या असतील, तर आकाराचा अंदाज येईल. या मापात एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. पन्नास फुटांची कमान १७५ मिलिमीटरची होते, तीन कमानी आणि मधले खांब धरले तर पूल टेबलाची लांबी खातो. रुळांच्या बाबतीत तडजोड अटळ आहे, कारण बाजारात मिळणारा एचओ रूळ युरोपातल्या अरुंद मापावर बेतलेला आहे आणि आपला ब्रॉडगेज त्याहून रुंद. चढाच्या बाबतीत मात्र तडजोड लागत नाही. घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के, आणि छोटी इंजिनं तेवढं चढतात. दोन मीटर अंतरात जेमतेम साडेपाच सेंटिमीटर. कागदावर किरकोळ वाटतं, टेबलावर उभं केलं की घाट दिसायला लागतो.

आता दगडाचं माप. एका थराची उंची फूटभर धरली तर ती साडेतीन मिलिमीटर झाली. दोन दगडांमधली दरज एक सेंटिमीटरची असेल, तर मॉडेलवर ती मिलिमीटरच्या नवव्या हिश्शाएवढीच राहते. बरेच जण बॉलपेनच्या टोकानं दरजा कोरतात. ०.७ चं टोक घेतलं तरी त्या मापात ती सहा सेंटिमीटरची भेग झाली. अशी भिंत घाटात एक पावसाळा काढणार नाही. म्हणून मी शिवणाची सुई वापरतो, लाकडी दांडीत घट्ट बसवलेली, आणि दाब हलका ठेवतो.

भिंत काढायला घेण्याआधी मी आमच्या सोसायटीच्या कुंपणाचं काम करणाऱ्या एका दगडी कामाच्या गवंड्याला माझं रेखाटन दाखवलं. वय झालेला माणूस, आजोबांपासून घरात हेच काम. त्यानं कागद आडवा-उभा करून पाहिला आणि विचारलं, "दादा, ह्यात आत जाणारा धोंडा कुठंय?" मग कुंपणापाशी नेऊन दाखवलं. लांबट दगडांच्या रांगेत मधूनच एखादा लहान चौकोनी तोंडाचा दगड असतो. तो दिसतो लहान, पण भिंतीच्या आत खोलवर गेलेला असतो आणि पुढची-मागची बाजू बांधून ठेवतो. "तो नसला तर भिंतीचं पोट सुटतं," काका म्हणाले. "आणि सांध्यावर सांधा येऊ द्यायचा न्हाई. वरच्यानं खालच्या दोघांना धरलं पायजे."

मला या कामाबद्दल जे सांगायचं आहे ते सगळं त्या दोन वाक्यांत आलं. दगडकामाचं मॉडेल खरं वाटतं ते त्यातला प्रत्येक दगड काहीतरी काम करत असेल तर. कोपऱ्यावरचे दगड मोठे आणि जास्त घडीव असतात, कारण कोपरा आधी निसटतो. कमानीचे दगड पाचरीसारखे असतात आणि त्यांची प्रत्येक दरज कमानीच्या मध्यबिंदूकडे रोखलेली असते. धारक भिंतीत ठरावीक अंतरावर पाणी निघायला भोकं असतात, नाहीतर पावसाळ्यात मागच्या मातीचा दाब भिंत ढकलून देईल. दगडाचा छापील कागद चिकटवला तर यातलं काहीच येत नाही. दुरून ती भिंत ठीक दिसते, पण डोळ्याला काहीतरी खटकत राहतं. भार कोण घेतंय, हे तिथं कळत नाही.

आणि हे केवळ दिसण्यापुरतं नाही. १८६७ मध्ये याच घाटातला एक मोठा दगडी पूल, बांधून काही वर्षंच झाली असताना, कोसळला. दगडकामाच्या दर्जाचा प्रश्न तेव्हा कंपनीच्या इतरही पुलांबद्दल उभा राहिला. बाहेरून घडीव तोंड आणि आत कसाबसा भरलेला भराव, हा दगडकामातला जुना रोग आहे. मी मॉडेलच्या कमानीच्या दरजा मध्यबिंदूतून दोरा ताणून आखतो तेव्हा तो पडलेला पूल माझ्या मनात असतो.

माझी पद्धत प्लास्टर ऑफ पॅरिसची आहे. हलकेपणासाठी आतला सांगाडा सनबोर्डचा, त्यावर तीन-चार मिलिमीटरचा प्लास्टरचा पापुद्रा. प्लास्टर कालवताना पाण्यात पावडर सोडायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. म्हणजे बुडबुडे कमी येतात. काचेवर पट्ट्या लावून त्यात ओतायचं. घट्ट झालं, पण अजून ओलसर आहे, तेवढ्या वेळात कोरायचं. त्या अवस्थेत सुई न अडखळता चालते आणि कडा फुटत नाहीत. आधी सगळे आडवे थर, मग उभ्या दरजा, प्रत्येक थरात जागा बदलून. आडव्या रेघा मी पट्टीनं आखत नाही. हलकी खूण करून हातानं ओढतो, कारण पट्टीची रेघ कारखान्यातली दिसते. मग पात्याच्या टोकानं प्रत्येक दगडाच्या तोंडावरून बारीक टवके काढायचे, म्हणजे टाकीचे घाव दिसतात. कोपऱ्याच्या आणि कमानीच्या दगडांना हे टवके कमी, कारण खऱ्या कामातही तिथं पाथरवटाचा हात जास्त फिरलेला असतो. कमानीच्या पोटाला जाड कार्डशीट वाकवून त्यावर पुट्टीचा पातळ हात दिला की पुरतं.

बोगद्याच्या तोंडाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. घाटातल्या प्रत्येक बोगद्याला सबंध दगडी तोंड नाही. जिथं कातळ सलग आणि मजबूत आहे तिथं फोडलेला डोंगरच तोंड असतो. जिथं तो सुटा आहे तिथं बांधकाम येतं. मी एकाच तोंडात दोन्ही घेतलं आहे, डावीकडे कातळ आणि उजवीकडे बांधलेली भिंत. त्या दोघांची गाठ जिथं पडते तिथले दगड कातळाच्या आकाराप्रमाणे घडवून बसवावे लागले. संपूर्ण कामात मला सगळ्यांत आवडलेला भाग तोच.

रंगाकडे येतो. अर्ध्या मीटरवरून मॉडेल पाहणं म्हणजे खरी भिंत सुमारे ४३ मीटरवरून पाहणं. एवढ्या अंतरावर मधल्या हवेमुळे रंग फिका होतो आणि गडद-फिक्यातला फरक कमी होतो. खऱ्या दगडाचा तुकडा शेजारी ठेवून हुबेहूब तोच रंग लावला तर मॉडेल जड आणि काळपट दिसतं. मी तुकडा समोर ठेवतो, पण रंगात पांढरा आणि थोडा पिवळसर मिसळून तो दोन पायऱ्या वर आणतो.

प्लास्टर पाणी पितं, त्याचा उपयोग करून घ्यायचा. आधी भिंत ओली करायची आणि अगदी पातळ केलेला रॉ अंबर आणि पेन्स ग्रे तिच्यावर सोडून द्यायचा. रंग आपोआप दरजांत उतरतो आणि दगडाच्या तोंडावर असमान बसतो. सुकल्यावर बारीक ब्रशनं एकेक दगड निवडायचा. काही निळसर, काही उबदार तपकिरी, थोडे बर्न्ट सिएनाची छटा दिलेले तांबूस. हा तांबूस रंग मनचा नाही. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यात लोह भरपूर, आणि हवा-पाण्यानं ते लोह गंजतं. एकाच रंगाचे दगड घोळक्यानं यायला नकोत, पण बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटूनही यायला नकोत. हे डोळ्यानंच ठरतं. पुढे कोरड्या ब्रशनं फिका राखाडी हात कडांवरून फिरवायचा. शेवटी टाल्कम पावडरीत चिमूटभर मातकट रंग मिसळून भिंतीवर चोळायचा आणि ओलसर स्पंजनं दगडांची तोंडं पुसून घ्यायची. पावडर दरजांत राहते आणि जुन्या चुन्यासारखी दिसते. सगळ्या दरजा भरू देऊ नयेत. जुन्या भिंतीत निम्मा चुना धुऊन गेलेला असतो.

डागांचंही दगडांसारखंच आहे. प्रत्येक डागाला कारण लागतं. पांढरे ओघळ पाण्याच्या भोकांखाली आणि कमानीच्या दरजांखाली येतात, कारण झिरपणारं पाणी चुना विरघळवून आणतं आणि बाहेरच्या हवेत त्याचा पुन्हा दगडासारखा थर बसतो. भिंतीच्या तळाशी तपकिरी धूळ असते. घाट उतरणाऱ्या गाड्या सारख्या ब्रेकवर असतात, ब्रेकच्या लोखंडाची भुकटी उडून खालच्या थरांवर बसते. ती मी खडूचे रंग किसून, मऊ ब्रशनं लावतो. शेवाळ सावलीकडे आणि ओलाव्याजवळ. दक्षिणेच्या उन्हात तापणाऱ्या भिंतीवर हिरवा रंग देणाऱ्यानं घाट पाहिलेलाच नसतो.

काजळीवर मी बराच विचार केला. परदेशी मासिकांतल्या मॉडेलमध्ये बोगद्याच्या माथ्यावर दाट काजळी हमखास असते आणि ती पाहून आपल्याकडेही तशीच काढतात. पण भोर घाटात १९२९-३० च्या सुमारास वीज आली. माझं मॉडेल १९६० च्या आसपासचं आहे, लांबलचक नाकाची ‘क्रोकोडाइल’ इंजिनं मागून जोर लावत होती त्या काळातलं. म्हणजे वाफेच्या इंजिनांचा धूर थांबून तीस वर्षं झालेली, आणि लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. उघड्या माथ्यावरची काजळी धुऊन गेली असणार. आत कमानीच्या पोटात, जिथं पाऊस पोचत नाही, तिथं ती टिकली असणार. म्हणून माझ्या बोगद्याचा माथा स्वच्छ आहे आणि काळं आत आहे. ऋतू मी आश्विनातला घेतला आहे. पाऊस नुकताच थांबलेला, सावलीतलं शेवाळ अजून हिरवं, उन्हातलं गवत शेंड्याला पिवळं.

संदर्भासाठी रुळांवर उतरणं धोक्याचं आणि बेकायदा आहे, त्याची गरजही नाही. गाडीच्या खिडकीतून फोटो मिळतात, आणि घाटात रस्त्याचंही जुनं दगडकाम होतं. १८३० चा अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला. द्रुतगती मार्गावरून जाताना त्याच्याखालून आपण सगळेच गेलो आहोत. त्याच्या खांबांचे मी आधी काढलेले फोटो आज माझ्याकडे रंगांचा सगळ्यांत भरवशाचा आधार आहेत. ज्यांच्या गावात जुना दगडी पूल, जुनं स्टेशन, जुनी मोरी उभी आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की त्याचे जवळून, मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढून ठेवा. मॉडेल करणार नसाल तरीही.

पुलाच्या दोन कमानी आता टेबलावर बसल्या आहेत. तिसऱ्या कमानीचा खांब ओढ्याच्या पात्रात उभा राहणार आहे, त्यामुळे त्याचा तळ वेगळा रंगवायचा आहे. पुराच्या पाण्यानं घासलेले खालचे थर जास्त गुळगुळीत आणि फिके, त्यावर गाळाची मळकी रेघ आणि वर पुन्हा खडबडीत दगड. ही रेघ किती उंच घ्यायची, ते अजून ठरलेलं नाही. कर्जतच्या बाजूला उल्हास नदीवरचे जुने खांब पाण्यात उभे आहेत. पाऊस ओसरला की तिथं जाऊन पाण्याची खूण कितव्या थरापर्यंत पोचली आहे ते पाहीन आणि मग प्लास्टर कालवीन.