बर्लिनच्या छपरांवरील बिनतारी शेजार

गेल्या उन्हाळ्यात बर्लिन येथे माझा दीड महिना मुक्काम घडला. थोरल्या बहिणीचा मुलगा तेथे नोकरीनिमित्त राहतो. त्याचे बिऱ्हाड शहराच्या पूर्वेकडील फ्रीड्रिश्सहाइन या वस्तीत आहे. १९६१ पासून १९८९ पर्यंत ज्या भिंतीने या शहराची शकले केली होती, तिच्या पलीकडचा, म्हणजे साम्यवादी राजवटीखालचा हा भाग. रस्त्यालगत पाचमजली जुनी इमारत, तिच्या पोटात अंगण, आणि अंगणापलीकडे तशीच दुसरी इमारत, असा तेथील घरांचा घाट आहे. बाळपण गिरगावातील चाळीत गेल्यामुळे मला तेथे फारसे परकेपण वाटले नाही. फरक इतकाच की तेथे जिन्यात कोणी मोठ्याने बोलत नाही.

राजवाडे, संग्रहालये व भिंतीचे अवशेष यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. ती मी पुन्हा करीत नाही. एका शनिवारी सकाळी भाचा म्हणाला, "मामा, छपरावर येता का? एक पेटी उतरवायची आहे. शिडी धरायला कोणी तरी हवे." जिने चढून चढून छाती भरून आली होती, पण धुराडी साफ करणाऱ्यांसाठी छपरावर ज्या अरुंद फळ्या टाकलेल्या असतात, त्यांवर उभा राहिलो मात्र, आणि श्रमाचे सार्थक झाले. समोर ३६८ मीटर उंचीचा दूरचित्रवाणीचा मनोरा, खाली कौलांचा लाल समुद्र, आणि आमच्याच धुराड्याला बांधलेल्या लोखंडी नळीवर डब्यात बंद केलेली एक मळकट पांढरी पेटी. भाच्याने दूरच्या एका चर्चच्या मनोऱ्याकडे बोट दाखविले. "ही पेटी तिकडे बोलते. तिथून पुढे दुसऱ्या छपराशी. आमच्या घरात जे फुकट इंटरनेट चालते ना, त्यातले निम्मे अशा छपरांवरूनच येते."

या खटाटोपाचे नाव 'फ्रायफुंक'. 'फ्राय' म्हणजे मुक्त, आणि 'फुंक' म्हणजे बिनतारी. याचा उगम मोठा विनोदी आहे. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर १९९० नंतरच्या वर्षांत पूर्वेकडील जुनाट टेलिफोनव्यवस्था उखडून सरकारी टेलिफोन खात्याने मोठ्या उमेदीने कित्येक वस्त्यांत काचतंतूंच्या तारा घातल्या. त्या काळी ते अत्याधुनिक होते. पुढे तांब्याच्या तारेवरून वेगवान इंटरनेट देण्याची डी. एस. एल. पद्धत आली, तिला सलग तांब्याची तार लागते, आणि ती तर या वस्त्यांतून काढून टाकलेली! परिणामी ज्यांना सर्वांत नवी तार मिळाली तेच मागे राहिले. चार पावलांवरच्या दुसऱ्या वस्तीत वेग, आणि येथे मात्र टेलिफोनच्या कुंईकुंई आवाजात वाट पाहणे. त्यामुळे ज्या एखाद्याला चांगली जोडणी मिळे, त्याने ती हवेतून शेजाऱ्यास द्यावी, शेजाऱ्याने पुढे द्यावी, असा विचार सहजच सुचला. लंडनमध्ये काही मंडळी हा प्रयोग अगोदर करीत होती. २००२ साली त्यांची व बर्लिनकरांची येथे एक कार्यशाळा झाली, आणि त्यातून फ्रायफुंक उभे राहिले.

परंतु हवेतून पुढे देणार कोण? त्यासाठी प्रत्येक छपरावर एक लहानसा संगणक हवा. तो परवडणार कसा? येथे अमेरिकेतील एका पेटीची कथा सांगणे भाग आहे. लिंक्सिस या कंपनीने २००२ सालच्या अखेरीस घरगुती वापराचा एक निळा-काळा राउटर बाजारात आणला. पुढच्या वर्षी ती कंपनी सिस्कोने घेतली. त्याच वर्षी काही चौकस लोकांच्या ध्यानात आले की पेटीच्या आत जी आज्ञावली चालते, ती लिनक्सची आहे.

लिनक्स हे संगणकाचे मूलभूत कार्य चालविणारी आज्ञावली. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ती आरंभिली, आणि पुढच्याच वर्षी जी. पी. एल. नावाच्या परवान्याखाली सर्वांस मोकळी केली. या परवान्याचे मर्म आपल्या गृहिणींस चटकन उमगेल. लोणच्याची बरणी खुशाल विका. परंतु घेणाऱ्याने कृती मागितली तर ती द्यावीच लागेल. आणि त्याने तीत फेरफार करून आपली बरणी पुढे विकली, तर त्यानेही आपली कृती झाकून ठेवता कामा नये. लिंक्सिसने बरणी विकली होती, कृती दिली नव्हती. ओरड झाल्यावर २००३ मध्ये ती द्यावी लागली. त्या कृतीवरून २००४ च्या जानेवारीत ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प निघाला, आणि एका स्वस्त घरगुती पेटीचा कोणासही हवा तसा वापरता येणारा संगणक झाला. बर्लिनच्या मंडळींनी त्यावर आपली स्वतःची आवृत्ती रचली, आणि तीच पेटी छपराछपरांवर चढली. पुढे कंपनीने त्या राउटरची स्मृती निम्मी करून आत दुसरीच आज्ञावली घातली. पण लिनक्सवाल्या जुन्या घडणीला इतकी मागणी होती की तीच 'एल' हे अक्षर जोडून निराळी विकावी लागली. ग्राहकाने कारखानदारास असे वाकविल्याची उदाहरणे थोडी.

एका बुधवारी भाच्याने मला या मंडळींच्या अड्ड्यावर नेले. यानोवित्झ पुलाजवळ श्प्रे नदीच्या काठी 'सी-बेस' नावाची एक संस्था १९९५ पासून आहे. तेथील सभासदांचे लाडके पुराण असे की अब्जावधी वर्षांपूर्वी एक अंतराळयान कोसळून बर्लिनखाली गाडले गेले असून दूरचित्रवाणीचा मनोरा ही त्याची वर आलेली शेंडी आहे. हे सांगताना कोणी हसत नाही. निळसर अंधार, भिंतीभर तारा, आणि लांब मेजाभोवती विशीपासून सत्तरीपर्यंतची माणसे झाळकाम करीत बसलेली. आरंभीच्या दिवसांत येथे खाद्यपदार्थांच्या रिकाम्या डब्यांपासून आकाशके बनविली गेली. एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी मला संदेश मार्ग कसा शोधतो ते समजावून दिले. पहिल्या पद्धतीत प्रत्येक पेटी साऱ्या शहराचा नकाशा स्वतःजवळ बाळगी. पेट्या शेकड्यांनी वाढल्या, तेव्हा त्या बिचाऱ्या इवल्याशा यंत्रांची दमछाक होऊ लागली. म्हणून २००६ च्या सुमारास येथेच दुसरी पद्धत निघाली, तिचे नाव आद्याक्षरे जुळवून 'बॅटमन' ठेवले. तीत नकाशाच नाही. आपल्या कोकणात वाट विचारली तर माणूस सारा रस्ता सांगत नाही. "त्या पिंपळापाशी जा, पुढे विचारा" म्हणतो. प्रत्येक पेटी तेवढेच जाणते. अमुक ठिकाणी जावयाचे तर कोणत्या शेजाऱ्याकडे धाडावे, बस्स. ही पद्धत २०११ मध्ये खुद्द लिनक्सच्या गाभ्यात घेतली गेली. ते ऐकून मला उगाचच त्या गृहस्थांचा अभिमान वाटला.

आता छपरावरून खाली येऊ. भाच्याच्या अभ्यासिकेत पुस्तकांच्या फळीवर एक काळी, शब्दकोशाएवढी, पंख्याविना निःशब्द चालणारी पेटी आहे. तिचे नाव 'फुत्रो', घडण फुजित्सूची. अशा यंत्रास 'थिन क्लायंट' म्हणतात. बँका व कचेऱ्या यांत प्रत्येक कारकुनापुढे पूर्ण संगणक न ठेवता ही रोडकी पेटी ठेवीत. सारा कारभार दूरच्या मोठ्या संगणकावर चाले, आणि ही केवळ पडदा व कळफलक सांभाळी. काही वर्षांनी कचेरी नवी यंत्रे घेते, आणि जुनी घाऊक भंगारात निघतात. वस्तुतः त्यांना काहीएक झालेले नसते. भाच्याने ही पंचवीस युरोंना घेतली, आतील काडेपेटीएवढे स्मृतिपत्र काढून त्यावर लिनक्स उतरविले, आणि पुन्हा बसविले. काम अर्ध्या तासाचे.

"छपरावर एक पेटी असता ही दुसरी कशाला?" असे मी विचारले, तेव्हा उत्तरात कायदा निघाला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०१० मध्ये असा निर्णय दिला की घरची बिनतारी जोडणी परवलीच्या शब्दाने नीट बंद न केल्यास, परक्याने तिच्यावरून केलेल्या गाण्याच्या चोरीचे खापर काही अंशी मालकावरही फुटेल. ज्यांचा धर्मच मुळी दार उघडे ठेवण्याचा, त्यांनी काय करावे? त्यांनी सारी वाहतूक सांकेतिक करून एका अदृश्य बोगद्यातून संस्थेच्या सर्व्हरवर, कधी परदेशी स्वीडनमध्येही, नेऊन तेथून बाहेर सोडण्यास प्रारंभ केला. परंतु असे सांकेतिक रूपांतर म्हणजे सतत आकडेमोड. ती छपरावरच्या अशक्त पेटीस पेलेना. तेव्हा कचेऱ्यांतून निवृत्त झालेले हे थिन क्लायंट अनेक गावांच्या फ्रायफुंक मंडळांनी त्या ओझ्याखाली जुंपले. २०१७ च्या ऑक्टोबरपासून कायदा सौम्य झाला. पेट्या मात्र कामावर राहिल्या.

न्यायालयांचा कौल नेहमी विरुद्धच गेला असेही नाही. राउटर करणाऱ्या बर्लिनच्याच ए. व्ही. एम. कंपनीने आपल्या पेटीतील आज्ञावली दुसरी एक कंपनी बदलते म्हणून दावा लावला होता. त्यातील लिनक्सचा भाग बदलण्यास कंपनी कोणास मनाई करू शकत नाही, असे नोव्हेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने ठरविले. स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू स्वतःची आहे, हे सांगावयास न्यायाधीश लागावा याचे मला नवल वाटले.

तर मग ती छपरावरची पेटी का उतरवावयाची? येथे भाचा थोडा गप्प झाला. तिची कायमची स्मृती चार मेगाबाइट. म्हणजे आपण लग्नकार्यात मोबाइलवर काढतो त्या एखाद्या छायाचित्राएवढी. तेवढ्यात तिने इतकी वर्षे संसार केला. परंतु आज्ञावली वाढत गेली. एवढ्या लहान पेट्यांस सामावून घेणारी ओपनडब्ल्यूआरटीची शेवटची आवृत्ती १९.०७, तिची देखभालही २०२२ मध्ये संपली. त्यानंतर सापडणारी भगदाडे बुजविण्यास कोणी नाही. "कंपनीने सोडले तेव्हा आम्ही धरले," भाचा म्हणाला, "आता आम्हीच सोडतो आहोत." या लोकांचे भाट होण्याचा माझा विचार नाही, म्हणून हेही लिहितो. मोकळ्या आज्ञावलीने यंत्राचे आयुष्य वाढते. पण अमर्याद वाढत नाही.

पेटी उतरताच तळमजल्यावरच्या आजीबाई वर आल्या. वय ब्याऐंशी, हातात टोपी, आणि चेहरा गंभीर. दर रविवारी चार वाजता त्यांचा नातू कॅनडातून पडद्यावर दिसतो, तो याच मोकळ्या जोडणीवरून. तुटपुंज्या निवृत्तिवेतनात दोन वर्षांचा करार करून स्वतंत्र जोडणी घेणे त्यांस पटत नाही. दोन वर्षांची खात्री या वयात कोण देतो, असे त्या म्हणतात. साम्यवादी राजवटीत त्यांनी टेलिफोनसाठी अर्ज केला तेव्हा मुलगा शाळेत जाऊ लागला होता. टेलिफोन आला तेव्हा त्याला मिशी फुटली होती. मी त्यांना भाच्याकरवी सांगितले की आमच्याकडेही टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिलेली घरे आहेत. त्या हसल्या, आणि लगेच विचारते झाल्या, "पण उद्या चारपर्यंत होईल ना?"

नवी म्हणून जी पेटी चढवावयाची होती, तीही वास्तविक जुनीच, बॉक्सहागनर चौकातील रविवारच्या जुन्या बाजारातून आठवड्यापूर्वी आणलेली. त्या रात्री भाच्याने तीत नवी आज्ञावली भरण्यास घेतली. ही तीन-चार मिनिटे फार नाजूक; मध्येच वीज गेली तर यंत्र मृतवत् होते. वीज गेली नाही, तरी दिवा लागला नाही. दहा मिनिटे झाली, वीस झाली. जेवण तसेच निवत राहिले. भाच्याचा चेहरा परीक्षेच्या निकालाच्या दिवशी होई तसा झाला. मग त्याने पेटीच्या पाठीवरचे बारीकसे बटण दाबून धरले आणि वीज पुन्हा जोडली. असे केले असता काही पेट्या अर्धवट शुद्धीत येऊन तारेने जोडलेल्या संगणकापाशी आपली आज्ञावली स्वतःच मागतात. हिने दुसऱ्या खेपेस मागितली. हिरवा दिवा लुकलुकला तेव्हा रात्रीचे पाऊण वाजले होते.

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा छपरावर गेलो. चर्चच्या मनोऱ्याशी तिची गाठ पडण्यास पेटी बोटभर इकडे, बोटभर तिकडे वळवावी लागली. चार वाजता मी मुद्दाम जिन्यात उभा राहिलो. तळमजल्याच्या दाराआडून त्या घरात एरवी न ऐकू येणारा मोठा आवाज ऐकू आला. संध्याकाळी आलुबुखाराच्या वडीचे ताट वर आले.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी भाच्यास विचारले, "तुझी बदली झाली तर या छपरावर कोण चढेल?" त्याने पूर्वीच विचार केला होता. दुसऱ्या मजल्यावर एक विद्यार्थिनी राहते; आज्ञावलीचे सारे काम तिने चार दिवसांत आत्मसात केले आहे, फुत्रोही तिच्याच खोलीत हलवावयाची आहे. अडचण एकच आहे. तिला उंचीची फार भीती वाटते.