वेलांटी आधी येते

फ्लॉपी आली की ती लगेच ड्राइव्हमध्ये सारायची नाही, आधी उजेडात धरायची. साडेतीन इंची असेल तर पत्र्याची झडप सरकवून आतली चकती मागच्या चाकाने हळूहळू फिरवून बघायची. नाशिकचे पंचवीस-तीस पावसाळे माळ्यावर काढलेल्या चकतीवर बहुतेकदा बुरशीचे पांढुरके ठिपके दिसतात. तशीच आत घातली तर मिनिटाला ३०० फेरे घेताना बुरशी हेडला चिकटते, हेड चकती खरवडतं आणि पाठोपाठची धडधाकट फ्लॉपीही हकनाक जाते. म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल, तंतू न सोडणारं कापड आणि भरपूर सबुरी. मग लेखनबंदी. साडेतीन इंचीची छोटी खिडकी उघडी ठेवायची, सव्वापाच इंचीची खाच मात्र चिकटपट्टीने बुजवायची. हे उलटसुलट नियम कोणी केले, देव जाणे!

फ्लॉपी वाचता आली नाही, की विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतं. घरातल्या कुणी हौसेने तिथे ‘हो’ म्हटलेलं असलं, की माझं काम दुपटीने वाढतं.

नेहमीच्या साडेतीन इंची फ्लॉपीवर ८० ट्रॅक, दोन बाजू, दर ट्रॅकला १८ सेक्टर, सेक्टरमागे ५१२ बाइट: सगळं मिळून १४,७४,५६० बाइट. फोनमधला एखादा फोटो याहून मोठा असतो. ग्रीसविझल नावाचं छोटं सर्किट फाइल वाचायच्या भानगडीत न पडता चुंबकीय बदलच टिपून घेतं. एका फेऱ्यात न लागलेला सेक्टर कधी चौथ्या फेऱ्यात लागतो. रुसलेला सेक्टर लागला, की ड्राइव्हची खरखर थांबते आणि मी चहा सांगतो.

पण माझ्याकडे येतात ते बरेचसे छापखानेवाले. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, सगळं पेजमेकरमध्ये जुळवलेलं. फाइल एकही बाइट न गमावता निघते, उघडावी तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची गिचमिड. गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. खरी मेहनत इथून सुरू होते.

श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फॉन्टांत अक्षर नव्हे, अक्षराचे तुकडे साठवलेले असत. अर्धा ‘ग’ वेगळा, त्याचा दंड वेगळा. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी दिसते तशीच फाइलीतही ‘स्थ’च्या आधी येते, ‘वर्ष’चा रफार ‘ष’नंतर. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो. ती शिस्त भारतीय लिपींसाठीच्या १९९१ च्या इस्की मानकातही होती, पण डीटीपीवाल्यांना पानावर अक्षर नीट उमटण्याशी मतलब. त्यामुळे वेलांटी उचलून जोडाक्षरापलीकडे न्यायची, रफार मागे आणायचा. त्यात फॉन्टागणिक संकेत निराळे. पेजमेकरच्या फाइलीत फॉन्टचं नाव तरी सापडतं, साध्या टेक्स्ट फाइलीत तेही नाही.

मग मी त्या काळची छापील प्रत मागतो. एक मालक तडकलेच, ‘‘अहो, छापील असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?’’ त्याच छापखान्याची एखादी लग्नपत्रिकाही चालते, हे त्यांना पटवावं लागलं. दुसऱ्या दिवशी पुतणीची पत्रिका घेऊन आले. तिच्यातल्या ‘श्री’वरून फॉन्ट लागला.

जुळाऱ्याच्या जुन्या चुका मी दुरुस्त करत नाही. ‘आर्शिवाद’ असेल तर ‘आर्शिवाद’च ठेवतो. यावरूनही मालकांशी हुज्जत झाली. शेवटी त्यांना दोन प्रती दिल्या. एकीत हवं ते सुधारा म्हटलं, दुसरीला हात लावू नका.