‘मदर’चा तास आणि दुभंगलेले श्रोते

जानेवारी १९९८ मध्ये गोल्डी या ब्रिटिश संगीतकाराचा ‘सॅटर्न्झ रिटर्न’ हा दोन सीडींचा अल्बम आला आणि ड्रम अँड बेस ऐकणाऱ्यांत दोन तट पडले. ते अजून कायम आहेत. पहिल्या सीडीवर तासाभराची ‘मदर’ ही रचना आहे आणि तिच्या पाठोपाठ डेव्हिड बोवीने गायलेले ‘ट्रूथ’. दुसऱ्या सीडीवर नेहमीच्या बेताच्या रचना आहेत, आणि पाहुणे म्हणून न्यूयॉर्कचा रॅपर केआरएस-वन आणि ओएसिसचा नोएल गॅलघर. एका तटाच्या मते हा स्वतःच्या प्रेमात पडलेल्या माणसाचा पसारा आहे, तर दुसऱ्याच्या मते त्या दशकातली या प्रकारातली सर्वांत धाडसी नोंद. ‘दुसरी सीडी ठेवा, पहिली परत करा’ म्हणणारा तिसरा गटही पहिल्यापासून आहे आणि संख्येने बहुधा तोच मोठा असावा.

भांडण वरवर लांबीचे दिसते, पण लांबी या श्रोत्यांना नवीन नव्हती. १९९५ मधल्या ‘टाइमलेस’ या गोल्डीच्या पहिल्या अल्बमची सुरुवातच २१ मिनिटांच्या रचनेने होते आणि तो अल्बम ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढला होता. त्या २१ मिनिटांबद्दल कोणी कुरकुर केली नाही. मग साठ मिनिटांत नेमके काय बिघडले, हे समजून घ्यायचे तर हे संगीत बांधतात कसे, ते आधी पाहावे लागते.

ड्रम अँड बेसचा पाया म्हणजे ब्रेक, जुन्या फंक आणि सोल रेकॉर्डमधून उचललेला नुसत्या ड्रमचा तुकडा. सर्वांत जास्त वापरला गेलेला ब्रेक ‘द विन्स्टन्स’ या बँडच्या १९६९ सालच्या ‘आमेन, ब्रदर’मधला. तो ग्रेगरी कोलमनने वाजवला आहे. चार बारांचा, म्हणजे जेमतेम सात सेकंदांचा हा तुकडा हजारो रेकॉर्डवर वाजला, पण कोलमनच्या हाती त्यातले काही पडले नाही. मूळ तुकड्याची लय मिनिटाला १३७ ठोक्यांच्या आसपास आहे आणि ड्रम अँड बेसला १७० च्या वर हवी असते. सॅम्पलरवर तुकडा नुसता वेगाने फिरवला तर आवाजाची पट्टीही चढते. १३७ वरून १७२ वर नेताना ती जवळपास चार अर्धस्वर वर जाते आणि मूळचा भरीव स्नेअर पत्र्यासारखा कडक होतो. या कडकपणाचीच पुढे चटक लागली. पट्टी न हलवता वेग ताणणे किंवा वेग न हलवता पट्टी फिरवणे, या खटपटीही त्याच काळातल्या. गोल्डीने १९९२ च्या ‘टर्मिनेटर’मध्ये दुसरी युक्ती अशी वापरली की ड्रम जागच्या जागी धावतात आणि त्यांचा सूर मात्र वर-खाली घसरत जातो. लंडनमधले कित्येक निर्माते ती रेकॉर्ड ऐकून पुन्हा कामाला बसले.

खरे कसब त्याच्या पुढे सुरू होते. ब्रेक अख्खा वाजवत नाहीत. त्याचे किक, स्नेअर, झांज आणि मधले हलके ‘भुताचे’ ठोके सुटे करून प्रत्येकाला कीबोर्डची एकेक पट्टी देतात आणि मग नवा क्रम रचतात. १७२ च्या लयीत चार मात्रांचा बार १.४ सेकंदांत संपतो. दर दोन-चार बारांनी काहीतरी हलले पाहिजे: एक स्नेअर उलटा, एक किक अर्ध्या मात्रेने उशिरा, झांजेचे शेपूट छाटलेले. सहा मिनिटांच्या रचनेत असे शेकडो निर्णय असतात. ऐकणाऱ्याला ते सुटे सुटे कळत नाहीत, पण ते नसले की पाय थांबतात. या संगीतात काळ पुढे सरकतो तो सुरावटीने नव्हे, तर या छाटाछाटीने.

दुसरा खांब बेसचा. ड्रम दुडक्या चालीने धावत असताना बेस निम्म्या लयीत, म्हणजे मिनिटाला ८६ च्या हिशेबाने चालतो, म्हणून एकाच रचनेवर एकाला धावता येते आणि दुसऱ्याला डुलता येते. हा बेस फार खाली असतो. पियानोवरचा खालचा एफ हा या प्रकारात हमखास सापडणारा स्वर ४४ हर्ट्झच्या जवळ आहे. घरातले लहान स्पीकर ८०-१०० हर्ट्झच्या खाली हात टेकतात, तेव्हा घरी ऐकणाऱ्याला मूळ स्वर ऐकूच येत नाही. त्याच्या वरच्या उपस्वरांवरून कान त्याचा अंदाज बांधतो. क्लबमध्ये तोच स्वर छातीवर येऊन बसतो. एकाच अल्बमवर वाद घालणाऱ्या दोघांनी वेगवेगळे अल्बम ऐकलेले असू शकतात, आणि हे शब्दशः खरे आहे. बऱ्याच वादांचा निकाल इथेच लागायला हवा, पण स्पीकर कुठला, हे कोणी विचारत नाही.

या संगीताचे नाणे म्हणजे बारा इंची तबकडी. तिच्या एका बाजूवर पाच-सहा मिनिटे ठेवली तर खोबणी रुंद कापता येते आणि बेसला जागा मिळते. वेळ वाढला की खोबण्या अरुंद होतात आणि पातळी खाली येते. तबकडी छापण्याआधी रचना डबप्लेटवर उतरत असे. ही अॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर दिलेली एकच प्रत. काही डझन वेळा वाजली की तिचा आवाज झिजायला लागायचा. लंडनच्या म्युझिक हाउसमध्ये आठवड्याच्या अखेरीस ती कापून घ्यायला डीजेंची रांग असे. गोल्डीने १९९४ मध्ये केमिस्ट्री आणि स्टॉर्म या दोन डीजेंबरोबर ‘मेटलहेड्झ’ हे लेबल काढले. पुढच्या वर्षी त्याच नावाच्या रविवारच्या रात्री हॉक्स्टन स्क्वेअरच्या ‘ब्लू नोट’ क्लबमध्ये सुरू झाल्या. ताजी डबप्लेट तिथल्या यंत्रणेवर चालली तर चालली, नाहीतर ती पुन्हा स्टुडिओत जायची. या वर्तुळात मत म्हणजे लेख नव्हता. मत म्हणजे गर्दीने ओरडून रेकॉर्ड मागे फिरवायला लावणे.

तिथे वाजणाऱ्या रचनेचा आराखडा बहुधा ठरलेला असे. डीजेला आधीच्या रेकॉर्डवर नवी चढवता यावी म्हणून सुरुवातीला ३२ किंवा ६४ बार मोकळे ठेवतात, आणि मग ड्रॉप. म्हणजे बेस आणि ड्रम दोन्ही एकदम कोसळतात. १७२ च्या लयीत ६४ बार म्हणजे दीड मिनिट. वर्षानुवर्षे हे ऐकणाऱ्याचा कान दीड मिनिटाच्या प्रतीक्षेला सरावलेला असतो. तेवढा वेळ तो खुशीने थांबतो, कारण पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असते.

‘टाइमलेस’ची २१ मिनिटे या सवयीला धरून होती. ‘मूव्हिंग शॅडो’ लेबलचा रॉब प्लेफर्ड यंत्रांपाशी होता. रचनेचे तीन भाग, पहिला ‘इनर सिटी लाइफ’, आणि त्यावर डायन शार्लमेनचा आवाज. वर तंतुवाद्यांचे लांब स्वर, खाली सतत कापला जाणारा ब्रेक. घरी ऐकणारा आवाजाला धरून चालायचा आणि नाचणारा ब्रेकला. दोघांनाही आपापली वाट सापडली, म्हणून दोघेही आपला अल्बम म्हणून त्याचे नाव घेऊ लागले. पुढच्या भांडणाची पेरणी इथेच झाली, कारण एका रेकॉर्डवर दोघांचा हक्क चढला.

‘सॅटर्न्झ रिटर्न’ हे नाव पाश्चात्त्य फलज्योतिषातले आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी करायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. जन्मवेळच्या जागी तो परतला की माणसाला आपल्या आयुष्याचा हिशेब द्यावा लागतो, अशी तिकडची समजूत. (आपल्याकडची साडेसाती याच फेरीवर बेतलेली आहे, आणि तिचाही लौकिक काही बरा नाही.) गोल्डीचा जन्म १९६५ मध्ये वॉल्सॉलचा. आईने लहानपणीच त्याला सरकारी देखरेखीत सोपवले आणि त्याचे बालपण पालक-कुटुंबांत आणि बालगृहांत गेले. पहिल्या अल्बमचे यश हाती असताना तिशीतल्या माणसाने हा हिशेब मांडायला घेतला, आणि ‘मदर’ हा त्याचा मुख्य ताळेबंद.

‘मदर’मध्ये काय घडते? सुरुवात फार सावकाश. पाण्याखालून यावेत तसे धूसर ध्वनी, तंतुवाद्यांचे थर, गोल्डीचा स्वतःचा आवाज, आणि ड्रमचा बराच काळ पत्ता नाही. ते येतात तेव्हा जोरात येतात, रचनेचा मधला पट्टा व्यापतात आणि मग पुन्हा सगळे विरत जाते. कल्पना लपलेली नाही: गर्भ, जन्म, ताटातूट. कच्ची आहे, पण खोटी नाही. क्लबच्या संगीतात इतके उघडे दुखणे त्याआधी फारसे कोणी मांडले नव्हते, हे विरोधकांनीही मान्य करायला हरकत नसावी.

अडचण अशी की ड्रम नसताना काळ पुढे ढकलायला दुसरे काहीतरी लागते. ध्रुपदाचा आलापही पखवाजाविना दीर्घकाळ चालतो, पण तिथे एकेक स्वर उघडत जातो आणि पुढचा स्वर कधी लागणार याची ओढ असते. ‘मदर’च्या पहिल्या टप्प्यात तशी ओढ कमी आहे. तंतुवाद्ये थरावर थर चढवतात, पण स्वररचना फारशी सरकत नाही. सुरावट जवळपास नाही आणि आवाज भाव सांगतो, दिशा सांगत नाही. छाटाछाटीत वाकबगार असलेल्या माणसाने आपले मुख्य हत्यार म्यान केले आणि हातात तेवढ्याच धारेचे दुसरे घेतले नाही. दीड मिनिटाला सरावलेला कान इथे पाचव्या-सहाव्या मिनिटाला घड्याळ बघतो, तो लांबीला कंटाळून नव्हे. पुढे काय येणार याचा काही अंदाज येत नाही, म्हणून.

रचना आवडणारे नेमके याच जागेला गुण म्हणतात. त्यांच्या मते प्रतीक्षा हाच विषय आहे. न येणाऱ्या आईची वाट पाहणाऱ्या मुलाला दीड मिनिटाचा करार मिळत नाही. हा युक्तिवाद दमदार आहे आणि हेडफोन लावून अंधारात ऐकणाऱ्याच्या बाबतीत खरा ठरतोही. मात्र विषयाने रचनेचे समर्थन होते, बांधणीचे होत नाही. ड्रम आल्यानंतरच्या पट्ट्यात तीच वेदना कितीतरी नेमकी पोहोचते, हे ऐकले की पहिल्या भागात कात्री चालायला हवी होती असे वाटतेच.

यात तबकडीचा साधा हिशेबही आहे. तासाची सलग रचना तबकडीच्या एका बाजूला मावत नाही. ती सीडीच्या ७४ मिनिटांच्या क्षमतेतून जन्मलेली आहे. म्हणजे ज्यांच्या बळावर गोल्डी उभा राहिला त्या डीजेंच्या पिशवीत अल्बमच्या अर्ध्या भागाला जागाच नव्हती. त्यांच्यापैकी अनेकांचा राग सौंदर्यदृष्टीचा कमी आणि वगळले गेल्याचा जास्त होता.

दुसऱ्या सीडीवरचा वाद वेगळ्या जातीचा, आणि त्याची उकल सोपी आहे. ‘डिजिटल’मध्ये केआरएस-वनचे रॅप ब्रेकवर सहज बसते, कारण दोघांचे मूळ हिपहॉपचेच. गोल्डी स्वतः ब्रेकडान्स आणि ग्राफिटीतून आलेला आहे आणि १९८७ च्या ‘बॉम्बिन’ या माहितीपटात तो दिसतो. ‘टेम्पर टेम्पर’मध्ये नोएल गॅलघरची करकरीत गिटार आहे. तिच्यावर बाजारूपणाचा ठपका आला, पण मिक्सिंगच्या टेबलावरून पाहिले तर तक्रार साधी आहे. विकृत केलेली गिटार मधल्या पट्ट्यात गच्च भरून बसते आणि स्नेअरचे शरीर व टोक दोन्ही त्याच पट्ट्यात राहतात. गिटार वर आली की ब्रेकचे बारीक काम झाकले जाते, आणि उरतो तो नुसता गोंगाट. काहींना तोच हवा होता. ‘ड्रॅगनफ्लाय’सारख्या ऐसपैस रचना आणि ‘फ्युरी’, ‘डेमन्झ’सारख्या काळ्याकुट्ट रचना यांच्याबद्दल दोन्ही तटांत फारसा तंटा नाही. दोन्हीकडे जी यादी जुळते ती बहुतेक इथलीच.

क्लबचे हे संगीत अल्बमभर कसे मांडायचे, हा प्रश्न १९९७-९८ या दोन वर्षांत इतरांनीही सोडवायला घेतला होता. रोनी साइझ आणि रेप्राझेंट यांनी ‘न्यू फॉर्म्स’मध्ये खरा डबल बेस आणि जिवंत ड्रम आणले, पण रचना आटोपशीर ठेवल्या. १९९७ चे मर्क्युरी पारितोषिक त्याला मिळाले, रेडिओहेडच्या ‘ओके कॉम्प्युटर’ला नाही, आणि तोही वाद अजून अधूनमधून उकरला जातो. एड रश आणि ऑप्टिकल यांनी १९९८ च्या ‘वर्महोल’मध्ये उलट टोक गाठले. अल्बम म्हणून काही वेगळे करायचेच नाही, एकापाठोपाठ एक तळघरातल्या रचना. त्यावर दुमत जवळपास झाले नाही, कारण त्याने कोणाला दोन आश्वासने दिलीच नव्हती. ४हीरो या जोडीने त्याच वर्षी ‘टू पेजेस’ दोन भागांत विभागला: एकात वाद्यवृंद आणि गाणी, दुसऱ्यात यंत्रे. गोल्डी सुरुवातीला त्यांच्याच ‘रीइन्फोर्स्ड’ लेबलवर शिकला होता. मांडणी दोघांची सारखीच दिसते, तरी गुरूंच्या वाद्यवृंदाला सुरावट होती आणि शिष्याच्या वाद्यवृंदाला फक्त वातावरण.

तंट्याचे स्वरूप पुढे बदलले. एकेक फाइल सुटी मिळू लागली तेव्हा ‘मदर’ वगळणे बोटाच्या टोकावर आले आणि जबरदस्तीची भावना ओसरली. त्यानंतर तिच्याकडे स्वतःहून जाणारे श्रोते वाढले आणि तरुण समीक्षक तिला माफ करू लागले, कधी जरा जास्तच उदारपणे. नवा वाद पेंड्युलम या बँडने पुरवला. २००५ च्या ‘होल्ड युवर कलर’नंतर २००८ मध्ये ‘इन सिलिको’त त्यांनी उघड रॉक बँडचा बाज घेतला, तेव्हा जुन्या मंडळींना गोल्डीची गिटार अचानक सौम्य वाटू लागली.

स्वतः गोल्डीने वाद्यवृंदाचा नाद सोडला नाही. २००८ मध्ये बीबीसीच्या ‘माएस्ट्रो’ या कार्यक्रमात तो वाद्यवृंद चालवायला शिकला आणि दुसरा आला. पुढच्या वर्षी रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या प्रॉम्स महोत्सवात ‘सिने टेम्पोरे’ ही त्याची वाद्यवृंदासाठीची रचना वाजली. २०१४ मध्ये हेरिटेज ऑर्केस्ट्राने ‘टाइमलेस’ रंगमंचावर आणला, आणि तिथे यंत्रावर कापलेले ब्रेक हाडामांसाच्या ड्रमरांना वाजवावे लागले. २०१७ मध्ये ‘द जर्नी मॅन’ आला. पुन्हा दुहेरी अल्बम, पुन्हा गायक आणि तंतुवाद्ये, १६ रचना. त्यांतली एकही तासाच्या जवळपास जात नाही.