टेबलावरची बार्शी लाईट

लहानपणी दिवाळी जवळ आली, की आम्हा मुलांपुढे एकच प्रश्न असे : यंदा किल्ला कोणता करायचा? माती, विटा, पोती, अळीव यांची जमवाजमव पुढची गोष्ट. आधी किल्ला ठरला पाहिजे. राजगडाला माच्या तीन आणि आमच्या अंगणात जागा दीड माचीची. मग कोणती माची ठेवायची आणि कोणती गाळायची यावरून जे रण माजे, ते पाहून खुद्द महाराजांनीही कपाळाला हात लावला असता.

चाळिशी उलटल्यावर हाच प्रश्न आगगाडीचे रूप घेऊन पुन्हा माझ्यापुढे आला आहे. आमच्या पुण्याच्या बिऱ्हाडात बंद केलेली एक गॅलरी आहे. तिच्यात सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशी फळी बसते. या फळीवर रूळ टाकून छोटी आगगाडी चालवायची असे मी आणि आमच्या चिरंजिवांनी ठरवले. घरातील अर्थमंत्र्यांनी थोड्या वाटाघाटींनंतर खर्चही मंजूर केला. बाजारात या खेळाची तयार सामग्री मिळते. पण ती बहुतेक परदेशच्या थाटाची. हिरवीगार टेकडी, तिच्यावर उतरत्या छपरांची घरे आणि खाली लाल डब्यांची गाडी. दिसायला फार देखणे. पण ज्या गावाचे नाव मला धड उच्चारता येत नाही, त्या गावाचा स्टेशनमास्तर मी कसा होणार? तेव्हा गाडी आपल्याकडचीच हवी, आणि जमल्यास जुनी हवी, एवढे एकमताने ठरले. एकमत तेथेच संपले.

या खेळातले एक रूढ प्रमाण म्हणजे खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. चांगला साडेपाच फुटी गृहस्थ या हिशेबात जेमतेम १९ मिलिमीटरांचा होतो. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांतले अंतरही साडेपाच फूटच, म्हणजे तेही तेवढेच. पण तयार मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे, कारण ते साहेबाच्या चार फूट साडेआठ इंची मापाला बेतलेले. आपली ब्रॉडगेज त्यात बसतच नाही. बोरघाट करावा असे माझ्या फार मनात होते. १८६३ साली खुला झालेला तो घाट, त्याचे पंचवीस बोगदे, गाडीची दिशा उलटवून तिला पुढे चढवणारे खंडाळ्याजवळचे ते जुने स्टेशन! पण सुमारे २५ किलोमीटरांच्या घाटाला ८७ ने भागले, तरी २९० मीटर उरतात. आमची गॅलरी संपून गल्ली लागते, गल्ली संपून हमरस्ता लागतो.

सौ.चे मत माथेरानला. चिरंजिवांचेही. त्यांचे चुकते असे म्हणवत नाही. आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी स्वतःच्या घरच्या पैशातून बांधलेली ती दोन फुटी गाडी १९०७ साली नेरळहून वर चढू लागली. वीस फुटांना एक फूट असा चढ, अंगावर येणारी वळणे आणि जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज अशी स्टेशनांची नावे. अशी नावे कुणा कवीलाही सुचली नसती. पण नेरळपासून माथेरानपर्यंतची चढण सुमारे साडेसातशे मीटरांची. तिचा सत्त्याऐंशीवा भाग म्हणजे साडेआठ मीटर. वरच्या दोन्ही बिऱ्हाडांच्या जमिनींना भोके पाडावी लागतील, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आमच्याशी तशाही फारशा बोलत नाहीत. शिवाय माझ्या मनात आणखी एक कारण होते. २००५ च्या पावसात, पुढे २०१९ च्या पावसात ती गाडी पार उखडली गेली. पण दोन्ही खेपांना ती पुन्हा उभी राहिली. २०२२ च्या ऑक्टोबरात ती नेरळपासून पुन्हा धावू लागली. ती पाहायची झाली, तर उठून नेरळला जाता येते.

वऱ्हाडातल्या शकुंतलेचाही विचार झाला. मूर्तिजापूरहून एका अंगाला यवतमाळ, दुसऱ्या अंगाला अचलपूर आणि मध्ये सारा कापूस. पण मी त्या गाडीत कधी बसलो नाही, आणि ज्या गाडीच्या बाकाचा खिळा आपल्याला कधी टोचलेला नाही, ती करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या गाडीचा खिळा मला टोचला, ती बार्शी लाईट. माझी आई बार्शीची. सुटी लागली, की आम्ही पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघायचो आणि झुंजुमुंजू होताना कुर्डुवाडीला उतरायचो. तेथे मोठ्या गाडीतून छोट्या गाडीत बदलायचे. माझे मामा सांगत, की या गाडीतून उतरावे, शेतातला हरभरा उपटावा आणि पळत जाऊन मागच्या डब्यात बसावे. मी ते कधी करून पाहिले नाही. पण मामांच्या खिशात हरभरा मात्र नेहमी असे.

ही गाडी का निघाली, तेही ऐकण्यासारखे आहे. बार्शी हे कापसाचे, गळिताच्या धान्याचे जुने पेठेचे गाव. पण मुंबई-सोलापूरचा मोठा रस्ता गेला तो कुर्डुवाडीवरून, बार्शीला बाजूला टाकून. माल बैलगाड्यांनी तेथवर न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनियर आधी जीआयपी रेल्वेच्या नोकरीत होता. त्याने हे पाहिले आणि अडीच फुटी रुळांची गाडी काढण्याचा ध्यास घेतला. त्याची मूळ कल्पना इतकी साधी, की ती दुसऱ्या कुणाला का सुचली नाही याचेच नवल वाटावे. इंजिन असो, डबा असो वा वाघिणी असो, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. वजन अधिक झाले, तर चाके वाढवा. म्हणजे रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, आणि तरी लांब, ऐसपैस डबे ओढता येतात. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ साली दुसरा फाटा पंढरपूरला पोचला, १९११ साली लातूर आले, १९२७ साली मिरज. सारे मिळून सव्वातीनशे किलोमीटर. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली. या कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारण्याची छत्रीदेखील बनवली. वजन हलके उतरवण्याचा छंदच जडला असावा त्याला.

पंढरपूरची गाडी म्हणजे वेगळाच थाट. वारकरी जातो पायी. पण एकादशी झाली, काला झाला, की परतताना त्याला गाडीच लागते. आषाढीनंतरच्या एका सकाळी कुर्डुवाडीला ती गाडी येताना मी पाहिली आहे. डब्यांत माणसे, दारांत माणसे, टपावर माणसे आणि पताका. इंजिनाचे धुराडे तेवढे मोकळे होते.

ही सारी लाईन आता ब्रॉडगेज झाली आहे. लातूरकडची २००८ पर्यंत, मिरजेकडची त्यानंतर दोनतीन वर्षांत. लातूरची नवी वाट तर सगळीच जुन्या वाटेने जात नाही. ती धाराशिवावरून वळली. त्या भागाची त्याने मोठी सोय झाली आणि ती व्हायलाच हवी होती. छोट्या गाडीच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी एकदा उन्हाळ्यात तिच्यातून लातूरपर्यंत जाऊन पाहायला हवे होते. पण नेरळला जसे जाता येते, तसे बार्शी लाईटला जाता येत नाही. ती आता ज्यांच्या ध्यानात आहे, त्यांच्याच ध्यानात आहे. आणि माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.

मापांचेही जुळले. अडीच फुटांचा सत्त्याऐंशीवा भाग पावणेनऊ मिलिमीटर, आणि बाजारात आणखी लहान गाड्यांसाठी नऊ मिलिमीटरांचे रूळ तयार मिळतात. पाव मिलिमीटराचा फरक कॅलथ्रॉपसाहेब पोटात घालतील. सहा फूट फळी म्हणजे खऱ्या जमिनीवरचे १६० मीटर. इंजिन, चार डबे आणि थोडी हालचाल एवढे त्यात मावते. म्हणून संपूर्ण स्टेशन न करता कुर्डुवाडीचा एक कोपराच घ्यायचे ठरवले : पुढे छोटी लाईन, मागे मोठ्या लाईनची एक वाघिणी आणि मध्ये माल इकडून तिकडे वाहण्याचा धक्का. मागचे दीड फूट ब्रॉडगेज रूळ हाताने बसवायचे. छोट्या वाघिणीतले प्रत्येक पोते कुणाच्या तरी पाठीवरून मोठ्या वाघिणीत जात असे. दोन मापांची रेल्वे म्हणजे काय, ते तेथे दिसे.

तो कोपरा नीट कळावा, म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी चिरंजिवांना घेऊन कुर्डुवाडीस गेलो. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “कुठल्या सालची करणार हाय, सर?” माझ्या ध्यानी आले, की जागेइतकीच वेळही निवडावी लागते. मी म्हटले, “कोळशाचं इंजिन होतं तेव्हाची. मी सात वर्षांचा असेन.” ते हसले. मग उन्हात पावले टाकीत त्यांनी छोट्या लाईनचा फलाट कोठे होता, सांधा कोठे होता, पाण्याचा नळ कोठे होता, ते सारे दाखवले. चिरंजिवांनी वहीत पावले मोजून लिहिली.

घरी येऊन कागदावर नकाशा काढला आणि आईपुढे ठेवला. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिला आणि विचारले, “कडुनिंब कुठाय?”

मी त्या गृहस्थांच्या सांगण्याप्रमाणे नळाजवळ बोट ठेवले.

“छे रे, तिथं कुठला? कडुनिंब फलाटाला लागून. त्याच्याखाली बसून आम्ही दशम्या खायचो. लग्न झाल्यावर पहिल्यांदा पुण्याला निघाले, तेव्हा अण्णा त्याच्याखाली उभे होते. हात नाही हलवला त्यांनी. नुसते उभे होते.”

“पण आजी, ते आजोबा तिथंच नोकरीला होते,” चिरंजीव म्हणाले.

“असतील. त्यांना काय गाडी चुकायची भीती होती? त्यांचं लक्ष कशाला जातंय झाडाकडं!”

दोन साक्षीदार, दोघेही खात्रीचे. झाड केव्हाच तोडलेले. जुना फोटो शोधला, मिळाला नाही. वर्गात मी विद्यार्थ्यांना सांगतो, की दोन पोथ्यांत पाठभेद असेल, तर ज्या लेखकाला तेथे खोटे लिहिण्याचे कारण नाही, त्याचा पाठ धरावा. येथे दोघांनाही तसे कारण नव्हते. चिरंजीव म्हणाले, दोन्हीकडे लावू. मला ते पटले नाही. दोन झाडे लावली, तर दोघांचेही खोटे ठरते.

फलाट, सांधा, नळ, धक्का यांची मापे त्या गृहस्थांच्या पावलांप्रमाणे घेतली आहेत. कडुनिंब आईच्या जागी लावला. तारेचा बुंधा आणि वाळवून हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा. उंची चौदा सेंटिमीटर. त्याच्याखाली धोतर-टोपीतली १९ मिलिमीटरांची एक आकृती उभी आहे. तिचे हात खालीच आहेत. ती कुणी केली ते आईने विचारले नाही.

तिने स्वतःकडे मात्र एक काम मागून घेतले. धक्क्यावरची पोती. जुन्या धोतराच्या चिंध्यांची इवली पोती शिवून त्यांत ती खसखस भरते आणि तोंड दोऱ्याने आवळते. आजपर्यंत चाळीस झाली आहेत. हमाल अजून एकही तयार नाही, आणि त्यावरून ती आम्हा बापलेकांना रोज बोलते.