यादीवाचून केलेला नाश

दूरध्वनीवरचा तो आवाज तरुण होता, आर्जवी होता आणि वाक्यागणिक मला ‘काका’ म्हणत होता, हे आरंभीच नमूद करून ठेवतो. कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून त्या मुलाविषयी माझ्या मनात आकस आहे, असा कोणाचा ग्रह होऊ नये. प्रसंग मागल्या नोव्हेंबरातला. त्याला आता कित्येक महिने लोटले. तथापि पहाटे झोप चाळवली, की ते सात-आठ मिनिटांचे संभाषण पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू होते आणि ज्या ठिकाणी मी ‘थांबा’ म्हणायला हवे होते, नेमके त्या ठिकाणी येऊन अडते.

महसूल खात्यात ३४ वर्षे चाकरी केली. त्यांतली अखेरची ११ अभिलेख कक्षात. मोडी तिथेच शिकलो. सेवानिवृत्तीनंतर घराच्या माळ्यावर आजोबांची रोजकीर्द सापडली. शके १८५० ते १८५६ या सात वर्षांची, वाई तालुक्यातल्या आमच्या गावची, बोरूने लिहिलेली १६४ पाने. तिचे देवनागरी लिप्यंतर करायचे मी मनावर घेतले. ब्राउझरमध्येच उघडणारे, मराठी टंकलेखनाचे एक पान मला सोयीचे वाटले. काल जिथे सोडले तिथूनच ते आज उघडत असे, म्हणून मजकूर कोठेतरी सुरक्षित जतन होत आहे असे मी धरून चाललो. १९ दिवसांत ११२ पाने झाली.

नोव्हेंबर हा आम्हा निवृत्तिवेतनधारकांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. त्यासंबंधीची माहिती एका संकेतस्थळावर भरीत असता ‘पुढे जा’ या बटणापाशी गाडे अडले. दोन दिवस प्रयत्न केले, नंतर मदतीच्या क्रमांकावर विचारणा केली.

“काका, कॅश साफ करा,” तो मुलगा म्हणाला.

“म्हणजे नेमके काय?”

“ब्राउझरमध्ये जुना कचरा साचलेला असतो. तो काढून टाकायचा. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट, तिन्ही बटणे एकदम दाबा.”

दाबली. पडद्यावर एक चौकोन उघडला. त्यात प्रथम काळाची मर्यादा विचारली होती. शेवटचा तास, चोवीस तास, सात दिवस, चार आठवडे आणि सर्वांत अखेर ‘सर्व काळ’. त्याखाली लहान चौकटींची रांग होती. पाहिलेल्या पानांचा इतिहास, कुकी व इतर साइट डेटा, कॅशमधील चित्रे व फाइली, पासवर्ड, अर्जांत आपोआप भरला जाणारा तपशील. ती सगळी रांग मी त्याला मोठ्याने वाचून दाखवली. ‘इतर साइट डेटा’ या शब्दांपाशी मी क्षणभर घुटमळलो, कारण ‘इतर’ या सदराखाली दप्तरात काय काय जमा होते, हे मी आयुष्यभर पाहिलेले होते.

“यांतले कोणते घ्यायचे?”

“सगळ्यांवर खुणा करा, काका. आणि वेळ ‘सर्व काळ’ ठेवा, म्हणजे परत कटकट नाही.”

“माझे काही जाणार नाही ना?”

“काही जात नाही हो. टेम्पररी फाइली असतात नुसत्या.”

मी खुणा केल्या. एकेक करून, सावकाश, त्याला सांगत सांगत. पासवर्डाच्या चौकटीपाशी पुन्हा विचारले, तेव्हा पलीकडून “हो, तेही घ्या” असे उत्तर आले. मागे दुसऱ्या कोणाचा तरी दूरध्वनी वाजत होता. मी बटण दाबले. पाच-सहा सेकंदांत काम आटोपले. मग संकेतस्थळ पुन्हा उघडले, तर काय, ‘पुढे जा’ निमूट पुढे गेले! मी त्या मुलाचे मनापासून आभार मानले. संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर टंकलेखनाचे पान उघडले, तो ते कोरे होते. वरच्या कोपऱ्यात कर्सर तेवढा लुकलुकत होता.

आमच्या अभिलेख कक्षात कागदांची वर्गवारी असे. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, त्याखाली ‘क’, आणि अगदी शेवटी ‘ड’, ज्याचे आयुष्य अवघे एक वर्ष. परंतु त्या ‘ड’ वर्गातला, कोणाच्याही उपयोगी न उरलेला कागदसुद्धा यादी झाल्यावाचून आणि त्या यादीवर अधिकाऱ्याची सही झाल्यावाचून नष्ट करता येत नसे. अकरा वर्षांत ही शिस्त मी एकदाही मोडली नाही, नव्या कारकुनांनाही मोडू दिली नाही. आणि माझ्या स्वतःच्या घरात, माझ्याच आजोबांच्या दप्तरावर, ‘अ’पासून ‘ड’पर्यंत सगळ्या गठ्ठ्यांचा सरसकट नाश करण्याचा तोंडी हुकूम मी निमूटपणे बजावला. हे शल्य ज्या माणसाने दप्तर सांभाळले आहे त्यालाच उमजेल.

पुढल्या रविवारी नात पुण्याहून आली. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अर्धा तास तिने संगणक धुंडाळला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “आजोबा, तुमचा मजकूर कुठल्याच सर्व्हरवर जात नव्हता. तो ब्राउझरच्या आतल्या साठ्यात होता, आणि तो साठा ‘इतर साइट डेटा’मध्ये मोडतो.” मग तिने जे समजावले आणि त्यानंतर मी जे वाचले, ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण अन्याय नेमका कोठे झाला हे त्यावाचून कळत नाही.

कॅश हा कचरा नव्हे. ‘लपवून ठेवणे’ या अर्थाच्या फ्रेंच धातूवरून आलेला हा शब्द १९६८ साली आयबीएमच्या एका मोठ्या यंत्राच्या वर्णनात वापरला गेला आणि पुढे संगणकाच्या परिभाषेत स्थिरावला. आपण एखादे पान उघडतो तेव्हा त्यातली चित्रे, मांडणीचे नियम आणि बटणांना चालना देणाऱ्या आज्ञावली यांच्या नकला ब्राउझर आपल्यापाशी ठेवतो, जेणेकरून दुसऱ्या खेपेस त्या दुरून मागवाव्या लागू नयेत. नक्कल किती काळ ग्राह्य धरावी याची मुदत संकेतस्थळच सेकंदांत कळवते. ३१५३६००० हा आकडा पुष्कळ ठिकाणी आढळतो, म्हणजे बरोबर ३६५ दिवस. मुदत सरली की ब्राउझर नकलेवरची खूणगाठ दाखवून विचारणा करतो, आणि मूळ प्रतीत फेरफार झाला नसेल तर ३०४ या क्रमांकाचे उत्तर येते. अर्थ एवढाच, की बदल नाही, जवळची नक्कल चालू द्यावी. ‘नो-कॅश’ या आज्ञेचा अर्थदेखील ‘ठेवू नका’ असा नसून ‘ठेवा, पण वापरण्यापूर्वी दर वेळी रुजुवात करा’ असा आहे. ठेवूच नये यासाठी ‘नो-स्टोअर’ ही आज्ञा वेगळी आहे. इतकी नेटकी दप्तरव्यवस्था मी सरकारी कचेरीत क्वचित पाहिली.

मग माझे बटण का अडले? संकेतस्थळवाल्यांनी आज्ञावली बदलली, पण तिचे नाव जुनेच ठेवले आणि मुदतही लांबची ठेवली. माझ्या यंत्राने इमानेइतबारे त्याच नावाची जुनी नक्कल वापरली. दुरुस्त हुकुमाला नवा जावक क्रमांक न देता जुन्याच क्रमांकाने तो रवाना करावा आणि मग तालुक्यातालुक्याला ‘तुमची दप्तरे जाळा’ असे फर्मान सोडावे, तसला हा प्रकार. फाइलीच्या नावात आवृत्तीचा क्रमांक घातला असता तर एकाही म्हाताऱ्याला त्या क्रमांकावर दूरध्वनी करण्याची वेळ येती ना. मला हा शुद्ध अन्याय वाटतो. चूक दप्तर पाठवणाऱ्याची, आणि प्रायश्चित्त घ्यावे ज्याच्याकडे दप्तर पोचले त्याने!

त्यातही नातीने अखेरीस जे सांगितले ते सर्वांहून जिव्हारी लागले. बहुधा काहीच पुसावे लागले नसते. ते अडलेले पान समोर ठेवून कंट्रोल दाबून एफ-पाच दाबले असते, तर ब्राउझरने त्या पानाचे साहित्य नव्याने मागवले असते. आणि तेवढ्याने भागले नसतेच, तर ‘कॅशमधील चित्रे व फाइली’ ही एकटी चौकट पुरेशी होती. माझी ११२ पाने आणि सगळे पासवर्ड तिच्याबाहेर होते.

आरंभी मी लिहिले की त्या मुलाविषयी आकस नाही. इथवर लिहून झाल्यावर ते वाक्य मला पुरते खरे वाटत नाही. त्याच्या समोरच्या कागदावर तसेच लिहिलेले असेल, दिवसाकाठी शंभरांना तो तेच सांगत असेल, हे सगळे मान्य. परंतु ‘माझे काही जाणार नाही ना’ असे मी स्पष्ट शब्दांत विचारले होते, आणि ज्याला ठाऊक नव्हते त्याने ‘ठाऊक नाही’ म्हणायला हवे होते.

डिसेंबरात मी पहिल्या पानापासून पुन्हा बसलो. शके १८५२च्या आषाढात एक नोंद आहे, ‘दिन ३ जेवण’. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद राखलेला नसतो. पहिल्या खेपेस मी ‘तीन दिवस जेवण’ असे वाचून पुढे गेलो होतो. या खेपेस नजर खालच्या ओळींवर रेंगाळली, तो दुसऱ्या दिवशी ‘दिन ५’, तिसऱ्या दिवशी ‘दिन २’. रोजच्या रोज बदलणारे हे आकडे दिवसांचे नव्हेत, माणसांचे आहेत; शब्द ‘दीन’ असा आहे. आमच्या ओसरीवर त्या आषाढात उपाशी माणसे जेवून जात होती, ही गोष्ट घरात कोणी कधी सांगितली नव्हती. मजकूर गेला नसता तर मी ती पाने पुन्हा वाचली नसती, हे नाकारता येत नाही. म्हणून झालेले नुकसान भरून निघाले असे मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या लिप्यंतरात समासात घातलेल्या कित्येक टिपा आता आठवत नाहीत, त्या गेल्या त्या गेल्याच.

हल्ली दर संध्याकाळी त्या दिवसाचा मजकूर मी पेनड्राइव्हवर उतरवतो आणि पान पुरे झाले की छापून घेतो. काल ८७वे पान झाले. छापील प्रती रोजकीर्दीच्याच रुमालात, तिच्या खाली ठेवल्या आहेत.