रात्री अकरानंतरची लाइन

मॉडेम म्हटलं की आजची मुलं वाय-फायचा डबा दाखवतात. आमच्या ग्वाल्हेरला, लष्करातल्या जुन्या वाड्यात मॉडेम आला १९९५ साली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने इंटरनेट सुरू केलं, पण ते मोठ्या शहरांपुरतं. आमचा आधार होता बीबीएस, म्हणजे बुलेटिन बोर्ड. कुणी हौशी माणूस आपल्या काँप्युटरला टेलिफोन जोडून ठेवायचा. आपण मॉडेमवरून तो नंबर लावायचा, आलेले निरोप वाचायचे, आपले ठेवायचे. लाइन एकच असली तर एका वेळी एकच माणूस आत.

चिरंजीव मुंबईला शिकायला होता, तिथल्या एका बोर्डावर आमचा पत्रव्यवहार चाले. अकरानंतर एसटीडीचा दर पाव, म्हणून जेवणं आटोपून वाट बघत बसायचो. मराठी लिहायची रोमन अक्षरांत. पोरगा मलमल म्हणतोय की मळमळ, ते संदर्भाने ओळखायचं!

सुरुवातीला इथली डायल टोन मॉडेमला टोन वाटेचना. ‘एटीएक्स३’ हा हुकूम दिला, म्हणजे टोनची वाट न बघता नंबर लाव. मग गाडी चालू लागली.

१९९६ च्या पावसाळ्यात एका रात्री निरोप उघडला. ‘आई, मला कावीळ झाली आहे. डॉक्टर म्हणाले की’, आणि खाली ‘नो कॅरियर’. लाइन तुटली. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच तुटली. होस्टेलचा फोन रात्री कुणी उचलेना. सौ. खुर्चीमागे उभी, एक शब्द बोलत नव्हती.

बँकेत ताळा जमला नाही तर आम्ही सगळी खाती एकदम उपसत नसू. एकेक तपासून बाजूला ठेवायचं. तसंच केलं. आधी खालच्या खोलीतला पॅरलल फोन काढला. फरक नाही. मग मॉडेमचा वेग १४,४०० वरून थेट २,४०० वर आणला. खरखरीत सावकाश बोललेलंच कळतं, माणसाचं काय अन् मशीनचं काय. या वेळी लाइन टिकली. त्या वेगाने सेकंदाला साधारण २४० अक्षरं येतात, पूर्ण पडदा भरायला आठ-नऊ सेकंद. एकेक ओळ उमटत गेली: रिपोर्ट सुधारतोय, मित्राच्या घरी आहे, त्याची आई मऊ भात करून घालते, काळजी नको.

सौ. तिथेच खाली बसली. दुसऱ्या दिवशी पंजाब मेलने मुंबईला गेलीच, ते वेगळं.

ती गेल्यावर मी शिडी लावून तार धुंडाळली. गॅलरीच्या पन्हाळीखाली तारेचा जोड, तांब्यावर हिरवा थर चढलेला. पाणी झिरपलं की खरखर. ब्लेडने खरवडून पुन्हा पीळ दिला, वर टेप गुंडाळली. त्या रात्री १४,४०० वर अर्धा तास लाइन हलली नाही. सौ.चा निरोप मुंबईहून आला, पोरानेच टाइप केलेला: ‘पोहोचले. डोळे अजून पिवळे आहेत, पण हसतोय.’

तुमच्याकडेही कुणी अकरा वाजायची वाट बघत फोनजवळ बसत असेल. जरूर लिहा.